मिलाग्रीस सायबिणीचं तेल आणि आईच्या तोंडावरून गेलेलं वारं

गोव्यातल्या डिचोलीच्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. म्हापशाच्या चर्चच्या फेस्ताच्या, म्हणजे वार्षिक उत्सवाच्या, दहाएक दिवस आधी सकाळी उठल्यावर त्यांच्या आईचं तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं दिसलं. डावा डोळा मिटेना, चहा ओठांतून गळू लागला. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथे गोळ्या दिल्या आणि 'बरं होईल, पण किती दिवसांत ते आज सांगता येणार नाही' असं सांगितलं. भावाने म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, तेल घालायचा नवस केला आणि फेस्ताला जाऊन घातलं. त्याच आठवड्यात आईची पापणी मिटू लागली, दीड महिन्यात तोंड सरळ झालं. आता भाऊ म्हणतो हा चमत्कार, यजमान म्हणतात हे औषध, आणि दोघे एकमेकांशी धड बोलत नाहीत. त्यात भावाने बाबांच्या साखरेच्या आणि प्रेशरच्या गोळ्या बंद करून त्यांना 'रोग काढणाऱ्या' एका माणसाकडे न्यायचं ठरवलं आहे. त्या विचारतात, चमत्कार खरंच होतात का?

आधी सरळ उत्तर देतो. बार्देश आणि डिचोलीत मी ३४ वर्षं फिजिशियन म्हणून काम केलं. ज्यांची आशा मी सोडली होती असे काही रुग्ण माझ्यासमोर चालत आले. ते का बरे झाले हे मला सांगता आलं नाही, असेही त्यांत होते. पण शरीराचा नियम मोडून काही घडलेलं मी एकदाही पाहिलं नाही. साखरेमुळे कापावा लागलेला पाय पुन्हा फुटला, असं एकाही देवळात, चर्चमध्ये किंवा दर्ग्यात झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. जे बरे झाले ते सगळे अशाच दुखण्यांतले होते, जी कधी ना कधी, कुणाची ना कुणाची, आपली आपण बरी होतात.

तुमच्या आईचं दुखणं तर त्यांतलं अगदी नेहमीचं. आपल्याकडे 'तोंडावरून वारं गेलं' म्हणतात, आम्ही बेल्स पाल्सी म्हणतो. चेहरा हलवणारी नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते. ती सुजली की तिथेच आवळली जाते आणि त्या बाजूचा चेहरा लुळा पडतो. बांबोळीच्या डॉक्टरांनी आईला कपाळाला आठ्या घालायला सांगितलं असेल, आठवून बघा. मेंदूतल्या झटक्याने तोंड वाकडं झालं तर कपाळ बहुधा हलतं. या दुखण्यात त्या बाजूचं कपाळही गुळगुळीत राहतं. तेवढ्यावरून पुष्कळ कळतं.

या रोगाची स्वतःची वाट चांगली माहीत आहे. काहीही औषध न घेतलेल्या दहा जणांपैकी सात जण पूर्ण बरे होतात, आणि बहुतेकांत सुधारणेची पहिली खूण तीन आठवड्यांच्या आत दिसते. स्कॉटलंडमध्ये झालेला एक मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या ७२ तासांत प्रेडनिसोलोन ही सूज उतरवणारी गोळी सुरू केलेल्यांपैकी ९४ टक्के रुग्ण नऊ महिन्यांनी पूर्ण बरे होते, आणि ती गोळी न मिळालेल्यांपैकी ८२ टक्के. म्हणजे गोळीचा उपयोग आहे, ती घ्यायलाच हवी. पण तुमच्या यजमानांनीही हे आकडे नीट बघावेत. आईला गोळीने बरं केलं असं तेही छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. बहुतेक करून ती तशीही बरी झाली असती. गोळीने तिची बरं होण्याची शक्यता वाढवली, एवढंच खरं.

आणि तेलाचा दिवस नि पापणीचा दिवस एकमेकांना लागून का आले? नवस आपण कधी बोलतो ते आठवा. सर्दीचे पहिले दोन दिवस कुणी नवस बोलत नाही. दुखणं शिगेला पोचलं, जीव घाबरा झाला की आपण देवाचं दार ठोठावतो. शिगेला पोचलेलं दुखणं पुढे बहुधा उतरतंच. त्यामुळे नवस आणि उतार यांची गाठ पुन्हा पुन्हा पडते, आणि दर वेळी ती गाठ आपल्याला खरी वाटते. काविळीच्या झाडपाल्याचं नाव याच वाटेने झालं. सापाचं विष उतरवणाऱ्या घाड्याचंही तेच. चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात, विषारी साप चावला तरी दर वेळी विष टोचतोच असं नाही. अशी दहा माणसं उठून घरी गेली की अकरावा, ज्याला खरोखर घोणस चावली आहे, तोही आधी घाड्याकडेच जातो. आमच्याकडे पोचतो तेव्हा लघवी बंद झालेली असते.

डिचोलीच्या हिंदू घराने म्हापशाच्या सायबिणीला तेल घालावं यात मला काहीच वावगं वाटत नाही. माझ्या आजीने घातलं आहे, मी तिचं बोट धरून त्या रांगेत उभा राहिलो आहे. शिरगावची लईराई देवी आणि ही मिलाग्रीस या सख्ख्या बहिणी, एकीकडून मोगरा जातो, दुसरीकडून तेल येतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मिलाग्रीस या पोर्तुगीज शब्दाचा अर्थच चमत्कार. पण ज्या चर्चने हे नाव ठेवलं ते चर्च चमत्कार मान्य करायला किती कां-कूं करतं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

अठराव्या शतकात प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी नावाच्या धर्मगुरूंनी, जे १७४० मध्ये चौदावे बेनेडिक्ट म्हणून पोप झाले, रोग बरा होण्याच्या चमत्काराच्या कसोट्या लिहून ठेवल्या. रोग गंभीर हवा. तो आपोआप ओसरण्याच्या टप्प्यावर नसावा. गुण येण्यासारखं औषध दिलेलं नसावं. बरं होणं एकाएकी हवं, पूर्ण हवं आणि टिकणारं हवं. आता तुमच्या आईचं दुखणं या कसोट्यांवर घासून बघा. आपोआप बरा होणारा रोग, औषध चालू, आणि सुधारणा दीड महिन्यात हळूहळू. हे प्रकरण व्हॅटिकनच्या टेबलापर्यंत पोचलंच नसतं. फ्रान्समधल्या लुर्ड या तीर्थक्षेत्री १८८३ पासून डॉक्टरांचं कार्यालय आहे. तिथे बरं झाल्याचे ७००० हून जास्त दावे नोंदले गेले, आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते ७० च्या जरासे वर. इतक्या वर्षांत, इतक्या कोटी यात्रेकरूंमध्ये. आपल्या बाणावलीचे जोझे वाझ संत झाले ते १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत. त्या वेळी पोप फ्रान्सिस यांनी नेहमीच्या दुसऱ्या चमत्काराची अट बाजूला ठेवली. आजारी माणसांची सेवा करत श्रीलंकेत रानावनांतून फिरलेल्या त्या माणसाचं आयुष्य त्यांना पुरेसं वाटलं. मला तो निर्णय फार आवडला.

वारकरी घरातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तुकोबांनी स्वतःबद्दल स्वच्छ सांगितलं आहे की जडीबुटी दाखवणं, उठाउठी चमत्कार करणं आपल्याला येत नाही. नवसाने पोरं होत असतील तर नवरा करायची गरज काय, हा सवालही त्यांच्याच नावावर आहे. साखळीच्या विठ्ठलाला दर एकादशीला जाणाऱ्यांनाही तो सवाल मी ऐकवला आहे. ते रागावले नाहीत.

आता जे सांगणार आहे त्यासाठी खरं म्हणजे हे सगळं लिहायला बसलो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी बार्देशातल्या एका बाईचा सात वर्षांचा मुलगा माझ्याकडे होता. रक्ताचा कॅन्सर. उपचार मुंबईला चालले होते, मधल्या तापांसाठी आणि तपासण्यांसाठी ती माझ्याकडे येई. तिने काही बाकी ठेवलं नव्हतं. बांबोळीच्या फुलांच्या खुरसाकडे (क्रूसाकडे) मेणबत्त्या, जुन्या गोव्यात गोंयच्या सायबासमोर (सेंट फ्रान्सिस झेवियरसमोर) गुडघ्यांवर चालत जाणं, शेजारणीबरोबर जाऊन देवीची ओटी. मुलगा गेला. महिन्याने ती एकटीच आली आणि समोरच्या खुर्चीत बसून म्हणाली, 'म्हजो भावार्थ उणो पडलो, दोतोर.' आपली श्रद्धा कमी पडली म्हणून पोर गेलं, असं तिच्या मनात बसलं होतं. ते काढायला मला वर्ष लागलं, आणि पूर्ण निघालं की नाही ते मला आजही माहीत नाही.

ज्याचा नवस फळतो तो सगळ्यांना सांगतो. ज्याचा फळत नाही तो गप्प बसतो, आणि आत स्वतःला दोष देत राहतो. एका बरं झालेल्या माणसाच्या गोष्टीला आपण चमत्कार म्हणतो तेव्हा त्याच रांगेत उभ्या असलेल्या बाकीच्यांना आपण काय सांगतो? की देवाने याचं ऐकलं, तुमचं ऐकलं नाही. मी वॉर्डात रात्री काढल्या आहेत. वाचलेल्यांच्या आणि गेलेल्यांच्या नातेवाइकांच्या प्रार्थनेत मला कधी फरक दिसला नाही.

तो मोजायचाही प्रयत्न झाला. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत बायपास होणाऱ्या १८०२ रुग्णांचे तीन गट केले. एका गटासाठी प्रार्थना झाली, एकासाठी नाही, पण या दोन्ही गटांना आपण कशात आहोत ते ठाऊक नव्हतं. तिसऱ्या गटाला 'तुमच्यासाठी प्रार्थना चालली आहे' असं सांगितलं होतं. निकाल २००६ मध्ये आला. नकळत प्रार्थना मिळालेल्यांत ५२ टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली, न मिळालेल्यांत ५१ टक्क्यांना. ज्यांना माहीत होतं त्यांच्यात ५९. हा आकडा का चढला याचं पक्कं उत्तर नाही. आपली अवस्था इतकी वाईट आहे की काय, अशी धास्ती त्यांनी घेतली असेल असं काहींना वाटतं. देव आहे की नाही हे अशा अभ्यासाने ठरत नाही. दुसऱ्याच्या प्रार्थनेने ऑपरेशननंतरचं शरीर वेगळं वागत नाही, इतकं मात्र त्यात दिसलं.

शिरगावला लईराईच्या जत्रेत पेटवतात त्या होमखणाबद्दलही हेच. धोंड, म्हणजे व्रत धरलेले भक्त, सोवळं पाळतात, तळीवर आंघोळ करून बेत (वेताची काठी) हातात घेऊन निखाऱ्यांवरून जातात. बहुतेकांचे पाय भाजत नाहीत. लाकडाचा निखारा लाल दिसतो, पण उष्णता सावकाश सोडतो, वरची राख ती आणखी अडवते, आणि चालणाऱ्याचा तळवा एका जागी सेकंदभरही टिकत नाही. तेवढाच वेळ तापलेल्या तव्यावर पाय ठेवला तर कुणाचाही भाजेल. एखाद्याचे पाय होमखणातही भाजतात. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी असे तळवे मी धुऊन बांधले आहेत. एक तरुण धोंड वेदनेने नाही, शरमेने रडत होता. सोवळं मोडलं असं गावात म्हणतील, ही त्याची भीती. तो बिचारा मधे अडखळून थांबला होता, बस्स. त्याला मी कागदावर चित्र काढून निखारा आणि तवा समजावला. पुढच्या वर्षी तो पुन्हा जत्रेला गेला, आणि जायला हवंच होतं. महिनोन्महिने व्यसन सोडून, मन आवरून केलेलं व्रत त्याचं होतं, ते निखाऱ्याने खोटं ठरत नाही.

देवाच्या पाकळ्यांचंही सांगतो, कारण दवाखान्यात हा विषय रोज येतो. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. पाणी सुकतं तशी पाकळी सुटते, आधी कुठली सुटेल यात रोगाचा काही संबंध नाही. एका घरात पोटदुखीच्या मुलाला डावा कौल मिळाला म्हणून दोन दिवस थांबले, अपेंडिक्स फुटलं, आणि पोरगा कसाबसा वाचला. तेव्हापासून मी नातेवाइकांना एक गोष्ट शिकवली. ऑपरेशन करायचं की नाही हे देवाला विचारू नका, ते ठरलेलं आहे. सोमवारी करायचं की मंगळवारी, तेवढं विचारा. फोंड्याकडच्या एक मावशी स्तनातली गाठ काढून घ्यायला तयार नव्हत्या. त्यांच्या मुलाने देवळात हाच प्रश्न लावला, मंगळवार निघाला. मावशी शांतपणे टेबलावर गेल्या. त्यांच्या मनाला आलेलं बळ खरं होतं, ते मी नाकारत नाही.

त्या बळाचं कोडं उलगडणारा एक माणूस आपल्याच मातीतला. कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेले आबे फारिया. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे, त्यावरून आपण रोज जातो. पॅरिसमध्ये त्या वेळी लोकांना वाटे की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून काही अदृश्य द्रव वाहतो. फारियांनी ठासून सांगितलं की असा कुठला द्रव नाही. झोपणारा स्वतःच्या मनाने, स्वतःच्या विश्वासाने झोपतो. हात ठेवणाऱ्याच्या हातात काही नसतं, ज्याच्यावर ठेवला त्याच्यात असतं.

पण मनाच्या या ताकदीची हद्द कुठे, ते दम्याच्या एका अभ्यासाने फार छान दाखवलं. तो २०११ मध्ये आला, रुग्ण चाळीसच्या आतबाहेर. खरं औषध असलेला पंप, रिकामा पंप आणि नुसत्या टोचल्याचा भास देणारं अॅक्युपंक्चर, तिन्हींनी रुग्णांना 'बरं वाटलं' ते जवळपास सारखंच. फुप्फुसाची ताकद यंत्राने मोजली तेव्हा खऱ्या पंपाने ती २० टक्के वाढली होती, बाकीच्यांत ७ च्या आसपास, म्हणजे काहीही न केलेल्यांत वाढली तेवढीच. विश्वासाने वेदना, मळमळ, धाप लागल्याची घबराट कमी होते, आणि ते थोडं नाही. श्वासनलिका मात्र विश्वासाने उघडत नाही. बरं वाटणं आणि बरं होणं यांतलं हे अंतर दम्याच्या झटक्यात जिवावर बेततं.

राहिले ते रुग्ण, जे मला समजले नाहीत. शापोऱ्याचे एक मच्छीमार आजोबा होते, किडनीचा कॅन्सर, फुप्फुसांत पसरलेला. त्रास होतो म्हणून किडनी काढली, बाकी काही करण्यासारखं नव्हतं. सहा महिन्यांनी एक्स-रे काढला, फुप्फुसातले डाग गायब. मी फिल्मवरचं नाव तीनदा तपासलं. ते त्यानंतर नऊ वर्षं जगले आणि सायबाची कृपा म्हणत राहिले. मी त्यांना खरं ते सांगितलं, की असं किडनीच्या कॅन्सरमध्ये क्वचित घडल्याच्या नोंदी आहेत, पण तुमच्यात का घडलं ते मला ठाऊक नाही.

न कळलेल्या गोष्टीला चमत्कार म्हटलं की ती फाइल तिथेच बंद होते, हीच माझी खरी तक्रार. न्यूयॉर्कचे सर्जन विल्यम कोली यांना जुन्या कागदांत असाच एक रुग्ण सापडला होता. मानेवरची कॅन्सरची गाठ पुन्हा पुन्हा उगवत होती, त्यात त्याला धावरं (कातडीचा जंतुसंसर्ग) झालं, जोराचा ताप आला, आणि गाठ विरघळली. कोलींनी त्या माणसाला वस्तीत शोधून काढलं, तो धडधाकट होता. मग १८९१ पासून त्यांनी रुग्णांना जंतू टोचून पाहायला सुरुवात केली. यश कमी-जास्त आलं, लोकांनी नावं ठेवली. पण शरीराची स्वतःची फौज कॅन्सरवर सोडता येते हा विचार तिथून पुढे चालत राहिला, आणि २०१८ चं नोबेल त्या फौजेचे ब्रेक सोडवणाऱ्या उपचारासाठी जेम्स अॅलिसन आणि तासुकु होंजो यांना मिळालं. आज ती औषधं आपल्या रुग्णांना मिळतात.

आता बाबांच्या गोळ्या. ही गोष्ट या आठवड्यातच करायची आहे. प्रेशर दुखत नाही. गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस बाबांना छानच वाटेल, आणि भाऊ म्हणेल, बघा. साखरही तशीच, गुपचूप वाढते. माझ्याकडे असा एक गृहस्थ आला होता, प्रार्थनेनंतर सगळी औषधं टाकून दिलेला, तीन महिने आनंदात. चौथ्या महिन्यात उजवी बाजू गेली, वाचा गेली. मधुमेह किंवा रक्तदाब जादूने बरा करण्याची जाहिरात करणं हा १९५४ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, हेही भावाला सांगा, पण शेवटी सांगा. आधी त्याच्याशी भांडण मिटवा. त्याने तेल घातलं ते आईच्या काळजीने, आणि त्या दहा दिवसांत घरात हातपाय गळलेले असताना तोच एकटा काहीतरी करत होता. हे त्याला तुमच्या यजमानांनी स्वतःच्या तोंडाने म्हणावं.

मग त्याला सोबत घेऊन बाबांचं प्रेशर सलग सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, आकडे वहीत भावाच्याच हाताने लिहू द्या. साखरेसाठी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्या. ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा, आणि गोळी कमी करायची असेल तर ती त्यांच्यासमोरच कमी होऊ दे. त्या माणसाकडे जायचंच असेल तर गोळी खिशात ठेवून जावं आणि वेळेवर घ्यावी.

आणि आईचा डावा डोळा रात्री झोपेत पुरता मिटतो का, ते एकदा टॉर्च बाजूला धरून बघा. फट राहत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, बुबुळ कोरडं पडतं.